चिमट्यानं उचललेली वही

सरांनी माझी वही चिमट्यानं उचलली.

हातानं नाही. बेडूक उचलायचा तो लांब स्टीलचा चिमटा असतो ना, त्यानं. पंचेचाळीस पोरापोरींसमोर वही अशी हवेत धरली, जणू तिला शेपूटच आहे. मग नाकाजवळ नेली. नाक इतकं आक्रसलं, इतकं आक्रसलं, की घटकाभर सरांच्या चेहऱ्यावर नाक शोधावं लागलं.

"ही प्रयोगवही हाय का मटणाच्या दुकानातला कागद?"

वर्ग हसला. छपराचे पत्रे उचकटून दोन गावं ओलांडून पडावेत, असा हसला. आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सगळ्यांच्या आधी मीच हसले होते.

"जा. फिनेलनं हात धुऊन ये. आन् दारातनंच दाखव."

धुतले. दारात उभी राहून दोन्ही हात दाखवले. सुलटे. उलटे.

"परत एकदा."

परत धुतले. त्या फिनेलचा वास पलूसातून निघाला तो आटपाडीच्या माळापर्यंत गेला असेल. माझ्या हातांना तर तो अजून येतो. जेवायला बसले की येतो.

एक आधीच कबूल करून टाकते. मी फेकते. शाळेत माझी ख्यातीच ती. माझ्या आज्ज्यानं लांडगा शेपटीला धरून गरगर फिरवला आणि माण नदीच्या पलीकडं भिरकावला, ही गोष्ट मी पाचवीपासून सांगत आले. दर वर्षी लांडगा थोडा वाढतो. पण ही वहीची गोष्ट मोजून सांगतेय. हिच्यात भर घालायची गरजच पडली नाही.

शनिवारी आमच्या शाळेत जैववैद्यकीय विज्ञानाचा वर्ग भरायचा. नववीला. रक्त कसं फिरतं, रोग कुठून येतो, तो तपासायचा कसा, हे सगळं. मला त्या वर्गाचं इतकं वेड की शुक्रवारी जेवण गोड लागायचं नाही. दहावीलाही त्या वर्गात राहायचं तर साठ गुण हवे होते. माझे त्रेपन्न. सर म्हणाले होते, "जादा उपक्रम करा, दहा गुण मिळतील. सक्ती न्हाई. विषय तुमचा तुम्ही निवडा."

बाकीच्यांनी थर्मोकोल निवडलं. थर्मोकोलचं फुप्फुस, थर्मोकोलचा मेंदू. ऋतुजा आमच्या वर्गातली, डॉक्टरांची मुलगी. तिच्या थर्मोकोलच्या हृदयात लाल दिवे लुकलुकायचे.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. आमच्यात मेंढरू मेलं की ते नुसतं पुरत नाहीत. माझा बाप, आबा, ते आधी उघडतो. खायला नाही. आपोआप मेलेलं आम्ही तोंडाला लावत नाही. का मेलं ते बघायला उघडतो, म्हणजे कळपातली बाकीची वाचतात. आज्जाही उघडायचा. मी आत्याकडं राहून शिकते, पण ऊस तुटला की मोकळ्या रानात बसवायला आबा मेंढरं पलूसकडं आणतो. तेव्हा मी जाऊन त्याच्या शेजारी बसायची आणि वहीत काढायची. नऊ मेंढरं, नऊ चित्रं. कुठं चरलं. मरायच्या आधी डोळ्याची खालची पापणी आतून लाल होती की पांढरी. गळ्याखाली पाणी उतरलं होतं का. चौघांच्या यकृतात, म्हणजे आम्ही ज्याला काळीज म्हणतो त्यात, चपटे जंत निघाले. झाडाच्या पानासारखे. आणि ती चौघंही कालव्याच्या पाझरावर चरलेली. पाझरावर गोगलगायी फार. हे जंत गोगलगायीतून येतात, हे आमच्याच पुस्तकात छापलं होतं. मी दोन्ही जोडलं, एवढंच.

पानांना डाग होते, खरं आहे. वास होता, तेही खरं.

सरांनी वर लाल शाईनं लिहिलं, 'अयोग्य'.

महिन्यानं शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. पाहुणे येणार होते. सरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. आवाज एकदम लोण्यासारखा.

"तुझ्या बापाकडं ताजं यकृत मिळंल काय गं? थर्मोकोल बघून बघून पाव्हणं कंटाळतात."

"मिळंल, सर."

"आन् ती तुझी वहीबी आण. ऋतुजा त्यातनं पाठ करंल. तू कापायचं, ती बोलंल. तुझं बोलणं म्हंजे… पाव्हण्यांसमोर नको."

"आन् गुण?"

"बघू की."

त्या 'बघू की'वर मी तीन दिवस तरंगत होते. कमीपणा वाटला का? नाही वाटला. खरं सांगते, आनंद झाला होता.

आबा तेव्हा मेंढरं घेऊन उंब्रजकडं गेला होता. कळपातली एक आजारी मेंढी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मेली. आबा सकाळच्या एसटीनं डबा मांडीवर घेऊन आला. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय रं ह्यात?" आबा म्हणाला, "पोरीचा अभ्यास."

शाळेच्या फाटकात त्यानं डबा माझ्या हातात दिला.

"गळ्याखाली पाणी उतरलं व्हतं. पापणी चुन्यागत पांढरी. काळीज फोडलं न्हाई मी. तुज्यासाठनं तसंच ठेवलंय."

"आबा, आत चल की. बघ मी कशी कापते."

आबानं उजवा हात वर केला. स्वतःच्या बाहीचा वास घेतला. असा, नाकाजवळ नेऊन.

"नगं," तो म्हणाला. "अंगाला वास मारतुया. तू जा. मी हितंच थांबतो."

त्याला चिमट्याचं कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं उभ्या आयुष्यात असले किती चिमटे बघितले असतील, कुणाला ठाऊक. मी डबा घेऊन एकटीच आत गेले.

पाहुण्यांत जनावरांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई होत्या. आमच्या टेबलाशी थांबल्या. ऋतुजानं यकृताची कामं घडाघडा म्हटली. बाईंनी ताटातलं यकृत बोटानं दाबून पाहिलं आणि विचारलं, "हे मेंढरू कशानं मेलं?"

हे मेंढरू वहीतल्या नऊ पानांत नव्हतं. ऋतुजानं माझ्याकडं पाहिलं. सरांनी मला डोळ्यानं खुणावलं. मग दात न उघडता म्हणाले, "हळू सांग तिला."

"तिला कशाला?" मी म्हटलं. "मी हाय की हितं."

सगळं टेबल माझ्याकडं वळलं.

"ह्यात पानासारखं जंत हायत. पित्ताच्या नळ्यांत. कापायच्या आधी सांगती."

सर हसले. पाहुण्यांकडं बघून हसले. "लय फेकते मॅडम ही. हिचा आज्जा नदीपल्याड लांडगं भिरकावतो."

पोरं खदखदली. माझीच गोष्ट. मीच त्यांना हसायला दिलेली.

"किती निघतील?" बाईंनी विचारलं.

जीभ सवयीनं शंभरावर गेली होती. मी तिला ओढून खाली आणली.

"धा-बारा."

सुरी घेतली. काळीज आडवं चिरलं, नळ्या उकलल्या, आबा करतो तसं अंगठ्यानं दाबलं. एक निघाला. दुसरा. राखाडी, चपटे, काठाला वळलेले. पांढऱ्या बशीत एकेक मांडत गेले. चौदा. हसणं कुठं थांबलं ते कळलंच नाही.

"नाव काय तुझं?" बाईंनी विचारलं.

"आमच्या शाळेचा प्रकल्प आहे हा, मॅडम," सर म्हणाले. माझं तोंड उघडायच्या आत. बाईंनी कागदावर शाळेचं नाव लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या.

सगळे पांगल्यावर सरांनी मला प्रयोगशाळेत थांबवलं. टेबलावरची माझी वही उचलली. हातानं. चिमटा शेजारीच पडला होता.

महिन्याभरात वहीचा वास गेला होता, असं नाही. मी सकाळीच हुंगून बघितली होती.

"चांगलं झालंय हे," पानं उलटत सर म्हणाले. "मोठ्या प्रदर्शनाला पाठवू. वर ऋतुजाचं नाव घालू, तिला बोलता येतं. खाली तुझं, मदतनीस म्हणून. दहाच्या दहा गुण देतो."

त्रेपन्न आणि दहा. मला बेरीज येते. साठाच्या वर तीन. शनिवार. सूक्ष्मदर्शक. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा तो तास, ज्याची मी वर्षभर वाट बघितली होती. सगळं वही धरलेल्या सरांच्या त्या दोन बोटांत होतं.

फाटकाशी आबा अजून उभा होता. खिडकीतून दिसत होता. भिंतीपासूनही हातभर लांब, भिंतीलाही वास लागेल म्हणून असेल.

"वही द्या, सर."

"इचार कर. पुढच्या वर्षी वर्गात बसायला मिळणार न्हाई."

"वही द्या."

"मग त्रेपन्नच."

"त्रेपन्न."

त्यांनी वही टेबलावर आपटली. मी घेतली. जाताना चिमटा उचलून ट्रेमध्ये ठेवला. ती जागा त्याची.

आता दहावीत आहे. शनिवारी त्या वर्गाची दारं माझ्यासाठी बंद असतात, आतून सरांचा आवाज येतो. उगीच कशाला सांगू की काही वाटत नाही. वाटतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारी पोरं बघितली की दातावर दात घासले जातात. सरांनी माफी मागितली नाही. ऋतुजा थर्मोकोलचं हृदय घेऊन मोठ्या प्रदर्शनाला जाऊन आली.

वहीत आता सतरा मेंढरं आहेत. पहिल्या पानावर मी माझं नाव घातलंय, खाली आबाचं, त्याच्या खाली आज्ज्याचं. तिघांनाही मदतनीस म्हटलेलं नाही.

लांडग्याची गोष्ट मी अजून सांगते. हल्ली तर नदीही रुंद झालीय. पण जंत चौदा होते. त्यांचे पंधरा मी कधी करणार नाही, आणि कुणाला तेरा करू देणार नाही.

मी शिकणार आहे. या वर्गात नाही तर दुसऱ्या, तिथंही दार लावलं तर तिसऱ्या. वही बरोबर असेल, डागांसकट, वासासकट. ज्याला बघायची त्यानं हातानं उचलायची. पहिल्या पानावरची तिन्ही नावं मोठ्यानं वाचायची. मगच पान उलटायचं.

नाही जमत? खाली ठेवायची.