टीचरची गाडी आणि फेकलेलं पाकीट

भायखळ्याच्या पुलावर गाडी परत बंद पडली आणि मी भर रस्त्यात पार्टवाल्याला फोन लावून झाडायला लागलो. कसला माल देतोस, कालच बसवलेला पार्ट आज मेला, वगैरे. तो बिचारा विचारत होता, डब्यातलं पाकीट लावलं का? मी ऐकतोय कुठे! स्टिअरिंगवर गाडीच्या मालकीण डिमेलो टीचर होत्या, मी त्यांचा मेकॅनिक. पंधरा मिनिटांनी इंजिन गार झालं, गाडी चालू झाली.

टीचर गिरगावच्या. शाळेतून रिटायर होऊन जमाना झाला. त्यांच्या वाडीतली प्रत्येक नवरी चर्चला जाते ती टीचरच्या या जुन्या गाडीतून, आणि चालवणार टीचरच. येत्या रविवारी त्यांच्या गॉडडॉटरचं, म्हणजे बाप्तिस्म्यात मानलेल्या लेकीचं लग्न होतं, दादरच्या चर्चमध्ये. गाडी मधेच थांबते म्हटल्यावर टीचरच्या घरच्यांनी सांगून टाकलेलं, शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर भाड्याची गाडी आणि ही भंगारात.

आता बिघाड काय, ते सांगतो. या गाडीत इग्निशन मॉड्यूल असतो. काडेपेटीएवढा इलेक्ट्रॉनिक ठोकळा. प्लगला ठिणगी नेमकी कधी द्यायची, ते हा ठरवतो. तो खराब झाला की गाडी तापल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर काही झालंच नाही अशी चालू होते. जुना मीच काढला, नवा मीच बसवला. तरी तेच.

शुक्रवारी दुकानातून भांडून दुसरा मॉड्यूल आणला. लालबागच्या माझ्या गॅरेजमध्ये टीचर खुर्ची दिली तरी बसत नाहीत, बॉनेटपाशी उभ्या राहतात. मी पेट्रोलचा बोळा घेऊन मॉड्यूल जिथे बसतो ती जागा चकाचक पुसायला लागलो. मी पॉइंटवाल्या, म्हणजे मॉड्यूल येण्याआधीच्या गाड्यांवर शिकलेला माणूस. तिथे पहिला धडा एकच, पूस. हात लागेल ते पूस.

टीचर म्हणाल्या, "राणे, जरा बाहेर येतोस? काम आहे."

माझे दोन कारागीर बघत होते. मला वाटलं, झालं, आता गाडी घेऊन चालल्या. फुटपाथवर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "जुना पार्ट काढलास तेव्हा मागे पांढरं क्रीम होतं. माझ्या आधीच्या मेकॅनिकने लावलेलं, मी बघितलंय. ते तू पुसलंस. आणि नवीन डब्यातलं पाकीट कचऱ्यात टाकलंस."

ते पाकीट मी ओल धरू नये म्हणून घालतात तसलं समजलो होतो. ती होती पेस्ट. मॉड्यूलची उष्णता खालच्या लोखंडात उतरवते. ती नसेल तर मॉड्यूल स्वतःच्याच गरमीने मरतो. नवा पार्ट मीच मारला होता.

"तेव्हाच का नाही बोललात, टीचर?"

"वाटलं, तुझी नवीन पद्धत असेल. पहिल्यांदा चुकलास ती तुझी चूक. दुसऱ्यांदा चुकू दिलं असतं तर ती माझी."

आयला, काय बाई आहे! वर्गात उभं करायची संधी होती, त्यांनी मला बाहेर बोलावलं. मी आत गेलो, दुसऱ्या डब्यातलं पाकीट फोडलं, पातळ थर लावला, मॉड्यूल आवळला. शनिवारी टीचरनी कुलाब्यापासून शिवाजी पार्कपर्यंत भर उन्हात गाडी फिरवली. एकदाही थांबली नाही.

तरी रविवारी मी हत्यारांची पिशवी घेऊन स्कूटरवर मागे होतोच. परळला ट्रॅफिक अडकला. वीस मिनिटं गाडी जागच्या जागी, इंजिन चालू, मागे नवरी. गाडी नुसती गुरगुरत राहिली.

चर्चपाशी नवरी उतरली. टीचरच्या घरच्यांनी मला विचारलं, बिघाड नक्की काय होता? मी पिशवीतली हत्यारं चाळायला लागलो. टीचर म्हणाल्या, "गरम होत होती. राणेने बरोबर केली."

सोमवारी मी पार्टवाल्याकडे जाऊन माफी मागितली. तो हसला, ते जास्त लागलं. आता माझ्याकडे डब्यातलं काहीही फेकायचं असलं तर आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, असा नियम आहे. त्यामागचं कारण कारागिरांना ठाऊक नाही. टीचरनी कुणाला सांगितलं नाही, म्हणून मीच लिहून टाकलं.