नातीचं ताट मी अर्धं ठेवलं होतं

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र माझ्या नातीच्या पोटावर दोनदा फिरवलं. मग म्हणाल्या, "आठव्या महिन्याच्या मानाने बाळ लहान आहे. बाळाभोवतीचं पाणीही कमी आहे." कागदावर त्यांनी 'ग्रोथ रिस्ट्रिक्शन' लिहिलं. म्हणजे बाळाची वाढ अडली.

पहिलं बाळंतपण म्हणून नात सासरहून आमच्या प्रकाशा गावी आलेली. शहाद्याच्या दवाखान्यात मीच तिला नेलं होतं.

रोज काय खातेस, असं बाईंनी विचारलं. पोरगी माझ्याकडे बघायला लागली. आमच्यात शेवटच्या महिन्यांत पोटुशीला कमी जेवू घालतात. बाळ लहान राहिलं की सुटका सोपी, हे मला सासूने शिकवलं. अर्धी भाकर, वाटीभर वरण. केळी थंड म्हणून बंद. शेतात केळीचे घड कापले जात होते आणि तिला एक केळं मिळत नव्हतं.

"मी सगळं खास, मॅडम," सगळं खाते, असं ती म्हणाली. मला सांभाळून घेत होती.

"खोटं नको बोलू," मी म्हटलं. "मॅडम, मीच तिले पोटभर खाऊ देत नही."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी डॉपलर केलं. वारेतून बाळाकडे रक्त किती जातं, ते त्यात दिसतं. कमी जात होतं. "आजी, सगळा दोष भाकरीचा नाही," त्या म्हणाल्या. "जेवणाने वार सुधारणार नाही. पण आई उपाशी राहिली तर बाळाला काय मिळणार?" बाळाची हालचाल मोजा, मंदावली तर वाट बघू नका, असंही सांगितलं.

मग आठवड्यातून दोनदा एसटीने तपासणी. बाकावर बसून मी दुसऱ्यांच्या मोठ्या पोटांकडे बघायची. बाळ गेलं तर पोरीला तोंड कसं दाखवायचं, एवढंच डोक्यात.

नववा लागला आणि एका सकाळी बाळ फारच कमी हललं. तसेच निघालो. दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी, दोन किलोहूनही कमी. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. तिथल्या नर्सबाईंनी तिला जगवलं. त्यांचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

घरी बाया बघायला आल्या. शेजारीण म्हणाली, बाळ लहान म्हणजे सुटका सोपी झाली असेल.

"पोट फाडीसन काढी," मी म्हटलं. "अकरा दिन काचमा ऱ्हायनी."

तिची सून सातव्या महिन्यात आहे. तिला ताटात काय वाढतेस, असं मी विचारल्यावर शेजारीण रुसून गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिची सून दुपारी माझ्याकडे जेवते. शेजारणीला माहीत आहे. ती अडवत नाही.