तसबिरीमागचा कागद

खुर्ची पुढे केली की काका हात झटकायचे आणि म्हणायचे, "नको रं. बसला की कुजला."

हे ते आधी कागदाबद्दल म्हणायचे, मग माणसांबद्दल म्हणू लागले, आणि पुढे पुढे दोन्हींत फरक करणंच त्यांनी सोडून दिलं. दहिवलीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ते रोज यायचे, पण एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आपण चहा ओतेपर्यंत तो पुढच्या चौकात पोचलेला असतो.

ते कागद जमवायचे. कसले? नवख्या चित्रकारांच्या प्रदर्शनांची आमंत्रणं, मोर्च्यांची हँडबिलं, साऱ्या जगाला शिव्या घालून पहिल्याच अंकात संपलेली सायक्लोस्टाइल अनियतकालिकं. लोकांनी वाचून फेकावं म्हणून जे छापलं, ते हा माणूस जपत होता. आमच्याकडच्या दमट हवेत कागद टिकत नाही, म्हणून थंडीत ते सगळं अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचे. शेजारणी म्हणायच्या, काकांनी क्रांती धुऊन घातलीय.

एकदा मी विचारलं, "एवढं कशाला जमवता काका?"

"मला एकच पायजे," ते म्हणाले. "बाकीचं वाटंत भेटलं म्हनून घेतलं."

तो एक कागद त्यांच्या थोरल्या भावाचा. भाऊ तरुणपणीच गेला. त्याची एकच कविता छापून आली, तीही मित्रांनी काढलेल्या अंकात. अंक कसला, एका मोठ्या कागदाची घडी. बाहेर लाल शाईत उमटवलेलं अनवाणी पाऊल, आत कविता. दोघा भावांनी सगळ्या प्रती कर्जत-खालापूरभर फुकट वाटल्या. वाटायलाच छापलंय, घरात कशाला, असं भावाचं म्हणणं, म्हणून घरी एकही ठेवली नाही. काकांना त्या कवितेची एक ओळसुद्धा आठवत नव्हती. ते त्यांना फार लागून राहिलं होतं.

गेल्या वैशाख पौर्णिमेच्या आधी मी त्यांना स्कूटरवरून कशेळ्याला नेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या आक्कांकडे जुनी रद्दी आहे असं कळलं होतं. पौर्णिमेसाठी घराला चुना लावणं चाललं होतं, म्हणून बुद्धाची तसबीर उतरवून अंगणात टेकवली होती, पाठ बाहेर करून.

पाठीवर लाल पाऊल होतं.

तसबीर बांधणाऱ्यानं कधीकाळी हाताला लागला तो कागद उलगडून मागच्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवला होता. कवितेची बाजू आत.

"पानी लाव, सुटंल," आक्का म्हणाल्या.

काकांनी ओलं बोट कोपऱ्याला लावलं. कोपऱ्याचा लगदा होऊन बोटालाच आला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"मंग तसबीरच घेऊन जा रं."

"नको आक्का. तुमच्या घरी टिकला. आमच्या घरी आमी ठेवलाच नाय."

आणि काका चक्क खाली बसले. मांडी घालून, त्या पावलासमोर. वरून सदऱ्यावर चुन्याचे थेंब पडत होते, तरी हलले नाहीत. मला ते बघवेना. मी उगीच स्कूटरचा आरसा पुसत राहिलो.

यंदा होळीच्या सुमारास काका गेले. त्यांच्या मुलीनं सगळे गठ्ठे माझ्याकडे आणून टाकले. मीही दुकानामागे दोरी बांधली आहे. पण चैन पडत नाही. इतक्या प्रती वाटल्या, एखादी वाचता येईल अशी कुठेतरी असणारच, हे डोक्यातून जात नाही.

परवा कडावला एका साखरपुड्याला गेलो होतो. मंडळी जेवायला बसली तसा मी भिंतीवरची तसबीर हळूच उतरवून मागून बघू लागलो. यजमान पाठीशी येऊन उभे राहिले.

"काय शोधताय? बसा की जरा."

"नको," मी म्हणालो, "बसला की कुजला."