भाऊजींचा डबा

वर्ध्याजवळच्या आमच्या आंजीच्या स्टँडवर एसटी निघायच्या बेतात होती आणि बाबा खिडकीशी उभे राहून विचारत होते, पुण्याला जाऊन मी नेमकं काय शिकणार. एम.कॉम.पर्यंत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, माणूस एखादी वस्तू का विकत घेतो, त्याचा अभ्यास.

"त्याले लागते म्हणून घेते," बाबा म्हणाले. "याच्यात आनखी शिकाचं काय हाय?"

कंडक्टर हसला. दादा, माझा मोठा भाऊ, म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा. हा सांगन तवा आपन घेऊ." आईने खिडकीतून हात घालून माझ्या शर्टाची वरची गुंडी लावली. "पोचला का चिठ्ठी टाकजो," एवढंच ती बोलली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. माझं काय चाललं आहे हे त्यांना समजत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं समजत नव्हतं.

पुण्यात पहिल्या महिन्यातच मी 'करून राह्यलो' म्हणायचं सोडलं. गावाकडचं गिऱ्हाईक इथे 'ग्राहक' झालं, आणि संशोधनाला लागलो तेव्हा आमचं अख्खं गाव 'रिस्पॉन्डंट' झालं. मी कापसाच्या मुलखातला, म्हणून सरांनी विषय दिला: शेतकरी फवारणीची पावडर कशी निवडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी प्रश्नावल्या घेऊन आसपासच्या गावांतून सायकलने फिरलो. पुरुष सगळे तेच सांगायचे. गुण पाहतो, भाव पाहतो, दुकानदाराला विचारतो. कागद भरत गेले, हाती काही लागेना.

एक दिवस वहिनी, म्हणजे दादाची बायको, डाळ निवडता निवडता माझे कागद पाहून हसली.

"भाऊजी, हे सारे लबाड बोलून राह्यले तुमच्यासंग. पावडर सारी सारखीच. डबा कोनता आनाचा ते आमी बाया सांगतो."

"डबा काऊन?"

"मंग? पावडर त शेतात जाते. डबा घरात राह्यते." तिने फळीकडे बोट दाखवलं. "त्याचं झाकन कसं दाबून बसते पाहा. मुंगी जात नाई, सोंडे होत नाई." डबे ती राखेने घासायची, मग उकळत्या पाण्याने तीनदा धुवायची. त्यात तिखट, मीठ, डाळ. गावात घरोघरी तेच होतं, पण मी लहानपणापासून पाहत आल्यामुळे मला कधी दिसलंच नव्हतं.

त्यावर माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहिलं. रिकाम्या डब्याचा पुढचा उपयोग पाहून खरेदी ठरते, म्हणून डबा रुंद तोंडाचा आणि पक्क्या झाकणाचा असावा, अशी शिफारसही मी केली. सर खूश झाले. मी भीत भीत विचारलं, डब्यावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं की रिकामा डबा ठेचून जमिनीत पुरावा. त्याबद्दल एखादा प्रश्न घालू का? सर म्हणाले, तो आरोग्य खात्याचा विषय, आपला विषय खरेदी. मी मान हलवली. सेमिनारला पावडर बनवणाऱ्या एका कंपनीचे गृहस्थ आले होते. त्यांनी त्या प्रकरणाची प्रत मागून घेतली.

पुढच्या हंगामात बाजारात त्या कंपनीचा रुंद तोंडाचा नवा डबा आला. त्यांनी तो माझं वाचून काढला की आपल्याच अकलेने, मला आजही माहीत नाही. पण दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, हे मी सुचवलेलं. आईने डबा हातात घेऊन फिरवून पाहिला. वहिनीने त्याला नावच ठेवलं, भाऊजींचा डबा. घरातला सगळ्यात चांगला डबा, म्हणून पावडर संपल्यावर तो घासून-धुऊन त्यात आईच्या उपासाची भगर ठेवली.

एकादशीला घरात उपास एकट्या आईला असायचा. दिवाळीनंतरच्या पहिल्याच एकादशीला ती भगर एकट्या तिनेच खाल्ली. तार मिळून मी वर्ध्याच्या दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोटात विष गेलं.

गाव म्हणालं, सुनेने डबा धड धुतला नाही. काही बाया त्याहून वाईट बोलल्या, वहिनीला ऐकू जाईल अशा. दादाने तिची बाजू घेतली नाही. तेरवीनंतर मी एकटाच होतो तेव्हा डबा उजेडात धरला. झाकण पक्कं बसावं म्हणून त्याची कड आत दुमडलेली होती आणि त्या दुमडीत पांढरी पावडर बसलेली होती. तिथे बोट जात नाही, राख जात नाही, पाणी जात नाही. झाकण दाबलं की पावडर खाली सांडते. मी तो डबा दगडाने ठेचला आणि शेतात नेऊन पुरला. कोणाला काही बोललो नाही. महिनाभराने माझी तोंडी परीक्षा झाली. त्या प्रकरणाचं परीक्षकांनी कौतुक केलं.

तेव्हापासून वहिनी कोणाला वाढायच्या आधी प्रत्येक पदार्थाचा एक घास उभ्यानेच खाते. थोडा वेळ थांबते, मग वाढते. पाहुण्यांना वाटतं मीठ पाहते. मी ताटावर बसून तो थोडा वेळ मोजत असतो. माझ्यासारखे गाव सोडून इथे आलेले मित्र म्हणतात, घरी गेलं की बरं वाटतं, कोणी काही विचारत नाही. मलाही घरी कोणी काही विचारलेलं नाही. म्हणून तर मला तिथे दोन दिवसांच्या वर राहवत नाही, आणि इथे पुण्यात 'घरी जातो' म्हणताना जीभ अडते.

दादा, हे लिहिलेलं वहिनींना वाचून दाखव. शेजारच्या बायांनाही बोलाव.

वहिनी, डबा तुम्ही नीट धुतला होता. त्याच्यावर इंग्रजीत काय लिहिलं होतं ते आपल्या घरात एकट्या मला वाचता येत होतं.