भिंतीपलीकडचा वरवंटा

अक्का स्वयंपाक करत नसत, जिन्नसांना झोडपून काढत. लसणाची पाकळी मुठीच्या एका दणक्यात सपाट. कोथिंबीर अशी पिळत की बघणाऱ्याने आपली मान चाचपावी. आणि भिजलेले हरभरे पाट्यावर आले की धुळ्याच्या आमच्या चाळीतली भांडी मांडणीवर थरथरत. कुणी म्हणालं, अक्का, जरा हळू, तर उत्तर ठरलेलं, "हळू करीसन कोणतं काम व्हस?"

त्या मूळच्या पिंपळनेरच्या. नवरा लवकर गेला, म्हणून कितीतरी वर्षं कुवेतला एका घरी स्वयंपाकाला होत्या. येताना सोनं नाही आणलं, फलाफल आणले. चाळ फलाफलना अरबी भजी म्हणायची आणि अक्का चिडायच्या. रात्रभर भिजवलेले काबुली हरभरे न शिजवता वाटायचे, त्यात मेथी, किसलेलं गाजर, लसूण आणि आपली लवंगी मिरची. गोळे करून तळायचे. सोबत ज्वारीचे अख्खे दाणे शिजवून, गार करून त्यांची कोशिंबीर, कांदा, काकडी, लिंबू आणि वरून शेंगदाण्याचं तेल. एकदा खाल्लं की संध्याकाळपर्यंत भुकेचं नाव नाही.

माझं बिऱ्हाड त्यांच्या शेजारी, मध्ये एका विटेची भिंत. माझा नवरा मला मारायचा. सरळच सांगते, आता कशाला लाजू? पट्टा, चप्पल, हाताला लागेल ते. दवाखान्यात मी सांगायची, बाथरूममध्ये पाय घसरला. त्याचा आवाज चढला की पलीकडे वरवंटा सुरू व्हायचा. पाट्यावर हरभरे असोत नसोत, नुसता दगडावर दगड. मेला दचकायचा, म्हातारीला शिव्या घालायचा आणि तेवढ्यात त्याचा हात थांबायचा. कधी कधी नाही थांबायचा.

यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. त्या मला वाटायला बसवत, माझ्या दंडावरचे वळ बघत आणि एवढंच म्हणत, "जोर लाव. तुना हातमा जोर शे."

एका रविवारी मी एकटीने फलाफल करायला घेतले. उसळीची सवय, हरभरे कुकरला लावून बसले. गोळे तेलात पडले की सुटायचे, कढईभर नुसता चुरा. नवऱ्याने ताट भिंतीवर भिरकावलं, माझे केस धरले आणि माझं तोंड कढईकडे रेटायला लागला. गालाला तेलाची धग लागली. मी किंचाळले. आता वरवंटा वाजेल, आता वाजेल, असं वाटत होतं, पण पलीकडे चिडीचूप. आणि अक्का दारात उभ्या. वरवंटा हातात.

"माले बठ्ठं ऐकू येस," त्या म्हणाल्या. "सोड तिले."

तो हसला. एका मुठीत माझे केस, दुसरा हात ओट्यावर टेकलेला. अक्कांनी त्या टेकलेल्या हातावर वरवंटा घातला, हरभऱ्यांवर घालत तसाच. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दवाखान्यात त्याने सांगितलं, दारात हात सापडला. म्हातारीने मोडला हे कोणत्या तोंडाने सांगणार?

तो हात धरून दवाखान्याकडे पळाला तेव्हा अक्कांनी गॅस बंद केला आणि माझ्या फरशीवर बसून रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. "दोन वरीस पाटा ठोकत बसनू," त्या म्हणाल्या. "पहिलाच दिन येवाले पाहिजे व्हतं." मग स्वतःच माझी पिशवी भरली, रावेरच्या एसटीत बसवलं, मांडीवर फलाफलचा आणि ज्वारीचा डबा ठेवला. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाल्या, "आते हरभरा शिजाडू नको."

अक्का गेल्याचं मला महिन्याने कळलं. मी धाय मोकलून रडले, आईच्या वेळीही इतकी रडले नव्हते.

इथे रावेरला मी केळीच्या पॅकिंगवर जाते आणि रविवारी फलाफल करते. शेजारी नवं जोडपं राहायला आलंय. परवा मी हरभरे वाटत असताना तिकडे काहीतरी फुटलं आणि ती पोर ओरडली. माझ्या हातातला वरवंटा आपोआप पाट्यावर दणकन आपटला. एकदाच. मग मी वरवंटा उचलला, पायात चप्पलही न घालता गेले आणि त्या वरवंट्यानेच तिचं दार ठोठावलं.