देणारीचा बोकड

वडवणीच्या पुढं माळावर धनगरांची वस्ती आहे. त्या सकाळी सारजाबाईनं अंगण सारवलं, ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि चुलीपाशी अशी बसली, की आता पडदा वर जायचीच काय ती खोटी!

परदेशातून बाई येणार होती. तिच्याच देशाच्या मदतीतून सारजाबाईला गाभण शेळी मिळाली होती. शेळीला बोकड झाला, रुंद छातीचा, देखणा. शेळ्या वाटणाऱ्या संस्थेचा भागवत म्हणाला होता, "मावशी, ह्याला जपा. वस्तीत चांगली पैदास हुईल. बाईंनी बघितला की समद्यांना शेळ्या, गोठे मंजूर."

गोठा झाला, की मेंढरांमागं रानोमाळ जाणं थांबणार होतं. सून बबिता पोटुशी होती. तिचं पहिलं मूल वाटेतच, गेवराईपलीकडं बांधावर झालं आणि तिथंच पुरावं लागलं. हे बाळंतपण छपराखाली व्हावं, एवढंच सारजाबाईचं मागणं.

गाडी आली. बाई हात जोडून हसली. सारजाबाईनं तिला घोंगडीवर बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं. तांबडाजर्द रस्सा, वाफाळती भाकरी.

"मावशी, बोकड कुटं हाय?" भागवतनं विचारलं.

"ताटात हाय की!"

"काय केलंत हे! त्योच बघाया आल्यात त्या!"

"आरं, शेळी तिची. मंग पयला बोकड तिचाच न्हवं?"

वस्तीत पूर्वापार तसंच होतं. कुणी शेळी सांभाळायला दिली, की तिचा पहिला बोकड देणाऱ्याला जेवू घालायचा. भागवतचं सांगणं सारजाबाई विसरली नव्हती. पण देणारीच दारात आल्यावर तिचा वाटा दावणीला बांधून ठेवायचा कसा?

भागवतनं बाईला सगळं समजावलं. बाई भली, भरल्या डोळ्यांनी तिनं दोन घास खाल्ले. पण निर्णय तिच्या हातचा नव्हता. पुढं भागवतचा फोन आला. योजनेतून वस्ती वगळली होती.

"सारजे," शेजारची छबुबाई म्हणाली, "आमचे गोठे रश्श्यात घातलेस गं!"



दिवाळी सरली. घोड्यावर बिऱ्हाड चढलं. बाळाला गुंडाळायला जुनं मऊ लुगडं सारजाबाईनं सगळ्यांत वर ठेवलं. बबिता पाणी भरायला वळली, तेव्हा घाईघाईनं, त्याच्याखाली, तिनं कुदळही बांधली.