मखमलची बोटं

सलूनवाल्याला सगळे ‘मखमल’ म्हणत ते त्याच्या हातामुळे; जीभ म्हणाल तर निव्वळ काथ्या. डाव्या हाताच्या बोटांनी तो गिऱ्हाइकाचा गाल ताणायचा. केस कुठे वळलेत, कातडी कुठे दुमडलीये, सगळं त्या बोटांना कळायचं. उजवा हात नुसता हुकमाचा ताबेदार. डोळे तर बिचारे आरशातून रस्त्यावरची भांडणं बघण्यात गुंतलेले.

गेले काही दिवस ती बोटं जरा झोपल्यासारखी वाटत होती. त्या सकाळी चहाचा वाफाळता पेला डाव्या हातात धरून मखमल एक रंगलेलं भांडण बघत राहिला. पेला खाली ठेवला तर बोटं लालबुंद! चटका मात्र बसलाच नव्हता. दुकानामागच्या खोलीत जाऊन त्याने बायकोला सांगितलं.

तिने अंबाड्यातले दोन आकडे काढले. “डोळे मिटा. एक टेकवते की दोन, ते सांगा.” सुरुवात पाठीपासून केली, कारण पाठच समोर होती.

“एक.”

“दोन होते.”

“एक.”

“अहो, दोन!”

मखमलला दरदरून घाम फुटला. पाठही गेली! “पोरांना बोलावून घे,” तो म्हणाला.

“नाटकं पुरेत,” ती म्हणाली खरी, पण लगेच तिने आकडे त्याला दिले आणि पाठ वळवली. “माझी बघा.”

त्याने दोन्ही शेजारी शेजारी टेकवले.

“एकच तर आहे!” ती म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि खो खो हसत सुटले. पाठ सगळ्यांचीच ठोंब असते, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं.

मग बोटं. उजवी झटक्यात पास झाली. डाव्यांसाठी मखमल डोळे मिटून थांबला.

“टेकव ना.”

त्याने डोळे उघडले. दोन्ही आकडे बोटात रुतलेले होते.

“जावईबापू!” दुकानातून हाक आली. सासरे. दाढी करायची तर जावयाकडूनच, आणि फुकट, हा त्यांचा बाणा.

सवयीने त्याने फेस लावला, वस्तरा उचलला. सासऱ्यांच्या गळ्यावर एक शीर होती. तिचं उडणं बोटाला लागलं की तो हात हलका करायचा. आज बोट ठेवलं. खाली सासरे आहेत की उशी, काही पत्ता नाही. त्याने वस्तरा तिथेच थांबवला.

“मामा, आज नको.”

“का हो? फुकटची दाढी जड झाली?”

“तुमचा गळा माझ्या बोटांना लागत नाहीये. काहीच लागत नाहीये.”

सासऱ्यांनी हळूच, फार हळूच वस्तऱ्याखालून मान काढून घेतली. “चला डॉक्टरकडे.”

“तोंड तरी पुसा!”

“आधी चला.”

म्हातारा भर रस्त्यातून फेस मिरवत निघाला. लोक हसत होते. एरवी मखमलही हसला असता. पण सासऱ्यांनी त्याची डावी बोटं घट्ट धरली होती, आणि हे त्याला खाली बघितल्यावर कळलं.